2 वाजून 14 मिनिटांनंतर

14 ऑगस्ट 2003, गुरुवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीचा नियंत्रण कक्ष आहे. उपकेंद्रांतून दर काही सेकंदांनी येणारी मोजमापं सर्व्हरवर जमा होतात. कुठे मर्यादा ओलांडली गेली, की सर्व्हर ऑपरेटरच्या पडद्यावर इशारा धाडतो.

दुपारी 12.15
इंडियाना राज्यातल्या कार्मेलमध्ये, या भागावर देखरेख ठेवणाऱ्या ‘मिसो’ या संस्थेत, जाळ्याच्या स्थितीचं गणित करणारी यंत्रणा चुकीची उत्तरं देऊ लागते. विश्लेषक ती दुरुस्त करतो. पण दर 5 मिनिटांनी आपोआप चालण्याची सोय त्यासाठी बंद केली होती, ती पुन्हा सुरू करायला विसरतो आणि जेवायला जातो.

1.31
ईरी सरोवराकाठच्या ईस्टलेक वीजनिर्मिती केंद्राचा 5 क्रमांकाचा संच बंद पडतो. क्लीव्हलँडला आता जास्त वीज बाहेरून ओढावी लागते.

2.14
इशारे देणारा प्रोग्रॅम अडकतो. दोन प्रक्रियांनी एकाच क्षणी एकाच माहितीला हात घातला आणि प्रोग्रॅम न संपणाऱ्या फेऱ्यात सापडला. ही चूक हुडकायला तज्ज्ञांना पुढे कित्येक आठवडे लागले. पडद्यावर मात्र नकाशे आहेत, आकडे आहेत. इशारे बंद पडले आहेत, एवढा एक निरोप तेवढा ऑपरेटरपर्यंत आला नाही. मला सगळ्यात जास्त छळतो तो हाच क्षण. इशारा नाही म्हणजे सगळं ठीक, असंच कुणीही समजलं असतं. त्या खुर्चीत मी असतो तर मीही.

2.32
शेजारच्या एईपी कंपनीतून फोन. स्टार–साउथ कँटन वाहिनी मघाशी ट्रिप होऊन, म्हणजे आपोआप बंद पडून, परत जोडली गेली का? ॲक्रनमध्ये पडदा बघतात. इशारा नाही, म्हणजे काही झालं नसावं. खरं तर वाहिनी 2.27 ला ट्रिप होऊन परत जोडली गेली होती.

2.41
निपटारा न झालेली माहिती साचत जाते आणि मुख्य सर्व्हर बसतो. ठरल्याप्रमाणे राखीव सर्व्हर सगळं काम जसंच्या तसं उचलतो. अडकलेला प्रोग्रॅमही तसाच, अडकलेल्या अवस्थेत, त्याच्याकडे येतो. 2.54 ला तोही बसतो. पडदा बदलायला एरवी 1 ते 3 सेकंद लागायचे, आता 59 लागतात. संगणक विभागाला आपोआप निरोप जातो, माणसं कामाला लागतात. नियंत्रण कक्षाला कुणी काही सांगत नाही.

3.05
हार्डिंग–चेंबरलिन वाहिनी झाडाला टेकते आणि ट्रिप होते. तिच्यावर क्षमतेच्या निम्माही भार नव्हता. खालची झाडंच वेळेवर छाटली नव्हती. 3.08 ला सर्व्हर पुन्हा सुरू होतात. संगणक विभाग निःश्वास टाकतो. इशारे येताहेत का, हे ऑपरेटरना विचारायचं राहून जातं.

3.32 ला हॅना–जुनिपर, 3.41 ला स्टार–साउथ कँटन. पुन्हा झाडंच. फोन वाजत राहतात.

3.46
सगळी यंत्रणा पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावी का, यावर बोलणं होतं. जाळं इतकं नाजूक असताना उरलेसुरले पडदेही जातील, म्हणून ऑपरेटर थांबायला सांगतात. या वेळात क्लीव्हलँड–ॲक्रन भागातली 1,500 मेगावॉट मागणी तोडली असती, म्हणजे आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो ते लोडशेडिंग केलं असतं, तर पुढचं टळू शकलं असतं, असं अमेरिका–कॅनडा संयुक्त चौकशीत नंतर दिसून आलं.

4.05 वाजून 57 सेकंद
सॅमिस–स्टार वाहिनी जाते. या वेळी झाड नाही. इतरांचा भार तिच्यावर येऊन पडला होता.

4.13
एकामागोमाग एक वाहिन्या पडत जाऊन वीज गेली आहे. 8 राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत. 5 कोटी माणसं. 61,800 मेगावॉट मागणी. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या बोगद्यांत थांबल्या; प्रवाशांना अंधारात रुळांवरून चालवत बाहेर आणावं लागलं.

15 ऑगस्ट, पहाट
ॲक्रनची यंत्रणा पूर्ण बंद करून नव्याने सुरू केली गेली. इशारे पुन्हा येऊ लागले.