चिलमीची छापी

इ. स. १९३९ सालीं वाशीम येथें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट उपलब्ध झाला. त्यांत वत्सगुल्माचें, म्हणजे आजच्या वाशिमाचें, नांव आहे. तांबें सोळा शतकांनंतरहि बोलूं शकतें, व त्यावर इतिहासकार आपली इमारत उभी करतो. परंतु ज्या वस्तु रोज हातांत होत्या, रोज धुतल्या जात होत्या व अखेर झिजून उकिरड्यावर गेल्या, त्यांची साक्ष कोण काढणार? वऱ्हाडांतील पारापारावर पिढ्यान्‌पिढ्या वापरांत असलेली अशी एक वस्तु म्हणजे चिलमीच्या टोंकास गुंडाळावयाचें ओलें फडकें, छापी. तिच्याविषयीं चार शब्द लिहावे, असा आमचा विचार आहे.

ज्या तरुण वाचकांनीं चिलीम केवळ चित्रांत पाहिली असेल, त्यांच्यासाठीं थोडें वर्णन अवश्य आहे. चिलीम म्हणजे कुंभाराच्या आव्यांत भाजलेली, वर रुंद व खालीं निमुळती अशी मातीची नळी. आंत एक लहान खडा टाकावयाचा, म्हणजे तंबाखू खालीं घसरत नाहीं व धुरास वाट राहते. खड्यावर चुरलेली तंबाखू, आणि तंबाखूवर विस्तव. खालच्या टोंकाभोंवतीं भिजवून पिळलेली छापी गुंडाळावयाची, तें टोंक मुठींत धरावयाचें, व मुठीच्या पोकळींतून झुरका घ्यावयाचा. या ओल्या फडक्यानें तीन कामें होत. तापलेल्या मातीचा चटका बसत नसे. राख व चुरा तोंडांत येत नसे. आणि धूर कांहींसा थंड होऊन घशाखालीं उतरे.

हिंदींत याच फडक्यास 'साफी' म्हणतात. हा शब्द ज्या अरबी धातूपासून निघाला, त्याच धातूपासून आपला 'साफ' हा शब्दहि आलेला आहे. फारसींत साफी म्हणजे गाळणी. आमच्या मतें छापी हें या साफीचेंच मराठी जिभेवर घडलेलें रूप होय; छापण्याशीं तिचा कांहीं संबंध दिसत नाहीं. म्हणजे वस्तूच्या नांवांतच एक प्रतिज्ञा आहे : मी शुद्ध करतें. ही प्रतिज्ञा तिनें कितपत पाळली, व कोणत्या अर्थानें पाळली, हा खरा प्रश्न आहे.

तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनीं ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणली, व तेथून ती दक्षिणेंतील दरबारांत शिरली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल्फझलानें 'आइने-अकबरी' रचली. तींत वाशीम हें वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार म्हणून येतें, त्या बाजूच्या हटकरांच्या ताठ स्वभावाचा उल्लेखहि येतो. परंतु तंबाखूचें पीक तींत नाहीं. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, इ. स. १६०४-०५ च्या सुमारास, अकबराचा सरदार असदबेग हा विजापुराहून परततांना तंबाखू व ती ओढण्याची रत्नखचित नळी घेऊन आला. बादशहानें कौतुकानें कांहीं झुरके घेतले. दरबारच्या हकीमानें हरकत घेतली कीं, ही वस्तु अपरिचित असून आपल्या वैद्यकांत तिजविषयीं कांहींच सांगितलेलें नाहीं. असदबेग उत्तरला कीं, जगांतील प्रत्येक चाल केव्हां ना केव्हां नवीनच होती. वादांत असदबेगाची सरशी झाली. तंबाखूचा प्रसार थांबला नाहीं. इ. स. १६१७ मध्यें जहांगीरानें धूम्रपानास बंदी केली, पण तोंवर फार उशीर झाला होता.

या प्रसंगांतील हकीमाची शंका मात्र लोकांच्या मनांतून कधींच पुरती गेली नाहीं, असें आम्हांस वाटतें. धूर ही चांगली वस्तु नव्हे, हें ओढणाऱ्यास खोकल्याच्या पहिल्या ढांसेंतच कळत असे. म्हणूनच धूर सोडण्याऐवजीं धूर 'गाळण्याच्या' युक्त्या निघाल्या. श्रीमंतांनीं तो पाण्यांतून ओढला. बिदरच्या कारागिरांनीं त्यांच्या हुक्क्यांचीं बुडें चांदीच्या नक्षीनें सजविलीं. शेतकऱ्यास हें परवडणारें नव्हतें, आणि नांगरामागें हुक्का नेतांहि येत नाहीं. त्यानें जुन्या धोतराची चिंधी फाडली व ती पाण्यांत भिजविली. एकाची गाळणी चांदीनें मढलेली, दुसऱ्याची चिंधीची. श्रद्धा दोघांची एकच.

परंतु छापीनें आणखी एक गाळणें पत्करलें होतें, आणि तें धुराचें नव्हे, माणसांचें. उत्तरेंत एखाद्यास जातीबाहेर टाकलें कीं त्याचा 'हुक्कापाणी बंद' झाला असें म्हणत. हुक्क्यांत पाणी, म्हणून तो विटाळाच्या नियमांत पुरता सांपडलेला. कोरडी चिलीम त्या मानानें सैल. चिलीम सर्वांची, पण छापी ज्याची त्याची. शिवाय मुठींतून ओढल्यामुळें ओठ मातीस लागत नाहींत. या युक्तीमुळें निरनिराळ्या जातींचीं माणसें एका पारावर एकच चिलीम फिरवूं शकत. शिर्डीच्या मशिदींत साईबाबांची चिलीम हिंदु-मुसलमान दोघांतहि फिरे. शेगांवच्या गजानन महाराजांच्या चरित्रांतूनहि चिलीम वगळतां येत नाहीं. एवढें श्रेय त्या फडक्यास दिलेंच पाहिजे.

पण या सैलपणास कुंपण होतें. आमच्या लहानपणीं, म्हणजे १९७० नंतरच्या दशकांत, वाशिमाजवळच्या आमच्या खेड्यांत आम्हीं तें डोळ्यांनीं पाहिलें आहे. पारावर चिलीम फिरे, तेव्हां एक वृद्ध मजूर खालीं, दहा हातांवर उकिडवा बसलेला असे. त्याच्या कमरेसहि छापी होती, तीहि धुतलेली होती. पण पारावरची चिलीम त्याच्या हातीं कधीं आली नाहीं. त्याच्या ओंजळींत वरून चिमूटभर तंबाखू टाकीत, व तो आपली निराळी चिलीम पेटवी. अस्पृश्यता कायद्यानें जाऊन तेव्हां वीस वर्षें उलटलीं होतीं. धुतलेल्या फडक्यानें धूर शुद्ध होतो असें मानणारी माणसें, त्याच फडक्यानें हा माणूसहि चालेल असें मानावयास तयार नव्हतीं. यावरून छापीचें शास्त्र कोणतें होतें, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

आतां तिच्या धुण्याविषयीं. आमच्या आजोबांची छापी रोज संध्याकाळीं विहिरीवर धुतली जाई. हें काम ते दुसऱ्या कोणास सांगत नसत. प्रथम नुसत्या पाण्यांत खळबळून, मग चुलीची राख लावून दगडावर चोळून, पुन्हां पाण्यांत. असें तीन वेळां. पहिलें पाणी काळसर तांबूस निघे. चिलीमहि आठवड्यांतून एकदां विस्तवांत घालून तांबडी होईपर्यंत भाजीत, म्हणजे आंतील चिकट कीट जळून जाई. धुतलेली छापी घरच्या दोरीवर वाळत घालण्यास आजीची सक्त मनाई होती. ती बाभळीच्या कुंपणावर पडे. फडकें झिजून त्यांतून उजेड दिसूं लागला कीं नवी चिंधी निघे.

तें पहिलें पाणी आजी वायां जाऊं देत नसे. वालाच्या वेलावर मावा पडला कीं ती तें वेलावर शिंपडी, आणि मावा कमी होई असा तिचा अनुभव होता. त्यांत नवल नाहीं. तंबाखूंतील निकोटिन हें कीटकांस मारक आहे व तंबाखूचें पाणी पिकांवर मारण्याची चाल अनेक देशांत होती. एकदां ती आजोबांस म्हणाली, "यानं मावा मरते, मंग तुमाले काई होत नाई का?" आजोबा शांतपणें म्हणाले, "धुतली ना वं छापी!"

या उत्तरावर आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला आहे. फडक्यावर जें काळें उमटलें तें आंत गेलें नाहीं, असा आजोबांचा हिशेब. आणि तो तितक्यापुरता खोटाहि नव्हता. परंतु जें फडक्यावर उमटलें त्यावरून, जें फडक्यांतून पार झालें त्याची कल्पना करावयास हवी होती. ओल्या कापसांत डांबराचा थोडा अंश अडकतो. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायु ना चिंधीनें अडतो, ना हुक्क्याच्या पाण्यानें. शिवाय १८८२ मध्यें कॉख यानें क्षयाचा जंतु दाखवून दिल्यानंतर खोकणाऱ्या माणसाच्या शेजारीं बसून त्याच्या हातून चिलीम घेण्याचा अर्थहि बदलला होता. पण ती वार्ता पारापर्यंत पोंचली नाहीं. आजोबा अखेरचीं सात-आठ वर्षें दमानें पार बेजार झाले. घरांत दोष दिला गेला तो पावसाळी हवेला. छापीचें धुणें शेवटपर्यंत चुकलें नाहीं.

वाचकांनीं यास खेडवळ भोळेपणा समजूं नये. युरोपांतील लोकहि मातीचे पाइप विस्तवांत भाजूनच स्वच्छ करीत. विसाव्या शतकांत त्यांनीं पाइपाच्या दांडींत बसणाऱ्या गाळण्या काढल्या. कोणी कागदाच्या, कोणी बाल्सा लाकडाच्या, कोणी मीरशॉम नांवाच्या मृदु खनिजाच्या कणांच्या, तर कोणी सक्रिय कोळशाच्या. जर्मनींत रूढ असलेली कोळशाची गाळणी ९ मिलिमीटर व्यासाची असते. ती एकदां वापरून टाकावयाची. तथापि काटकसरी गृहस्थ ती वाळवून, क्वचित् धुवूनहि, पुन्हां बसवितात. वस्तुतः कोळशाचीं सूक्ष्म छिद्रें एकदां डांबरानें भरलीं कीं पाण्यानें मोकळीं होत नाहींत. त्यास भट्टीची आंच लागते. वाळलेली गाळणी हातांस कोरडी लागते एवढेंच. आमच्या आजोबांत आणि या गृहस्थांत अंतर आहे तें टोपीचें आणि पागोट्याचें.

इ. स. १९५० मध्यें डॉल व हिल यांनीं सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आंकड्यांनीं दाखविला. त्यानंतरच्या वर्षांत लोकांनीं सिगारेट सोडली असें नाहीं. कारखानदारांनीं तिला गाळणी लावली, आणि गाळणीची सिगारेट झपाट्यानें सर्वत्र पसरली. ओढणारा अधिक खोल झुरका घेऊं लागला, व गाळणीनें वांचविलें तें त्यानें स्वतःच भरून काढलें. हकीमाची शंका, असदबेगाचें उत्तर आणि छापी, या तिन्ही गोष्टी जणूं नव्या वेषांत पुन्हां रंगभूमीवर आल्या.

आमच्याकडे मात्र छापीचा अंत गाळणीनें केला नाहीं, बिडीनें केला. गोंदिया-भंडाऱ्याकडे तेंदूच्या पानांवर बिडीचा धंदा वाढला, काड्यापेटी स्वस्त झाली, आणि विस्तवासाठीं शेजाऱ्याच्या चुलीकडे जाण्याचें किंवा चिलमीसाठीं पारावर जमण्याचें कारण उरलें नाहीं. ज्याची त्याची बिडी. पारावरची पंगत मोडली, आणि तिच्याबरोबर तें दहा हातांचें अंतरहि दिसेनासें झालें. नष्ट झालें असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. बिडीस छापी नाहीं. ती घातक आहेच. पण 'मी शुद्ध करतें' अशी प्रतिज्ञा तरी तिनें कधीं केली नाहीं.

पुढें २००३ चा तंबाखूविषयक कायदा आला, व २००८ च्या गांधीजयंतीपासून सार्वजनिक जागीं धूम्रपानास बंदीचे नवे नियम लागू झाले. जहांगीराच्या हुकुमापेक्षां हे नियम अधिक टिकतील अशी आशा आहे. परंतु ज्या समजुतीनें माणूस घातक वस्तु न सोडतां तिच्यावर एक फडकें बांधतो, आणि तें फडकें निष्ठेनें धुतो, तिला कोणत्या कायद्यानें बंदी करावी? ती केवळ तंबाखूपुरती नाहीं. पारावरच्या माणसांनींहि आपल्या वागणुकीवर असेंच एक धुतलेलें फडकें बांधलें होतें.

आजोबांची शेवटची छापी त्यांच्यामागें कांहीं दिवस कुंपणावर तशीच होती. आजीनें ती काढली नाहीं, कोणास काढूंहि दिली नाहीं. पावसाळ्यांत ती गळून पडली. त्या वर्षीं वालावर मावा फार आला.