दुकानदार नसलेली वही

आमच्या वाड्यावरच्या दुकानात उधारीच्या दोन वह्या असत. एक दुकानदाराच्या गल्ल्यापाशी, दुसरी आमच्या घरी खुंटीला. चवथीच्या आधी हिशेब चुकता करताना आई दोन्ही वह्या मांडून बसायची, आणि आकडे जुळले नाहीत की दुकानदाराचीच वही खरी ठरायची. बिटकॉइनचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला प्रथम ह्या वह्या आठवल्या. वही हजारो लोकांच्या घरी आहे आणि दुकानदारच नाही, मग कुणाची खरी मानायची? तिथला मूळ प्रश्न हा आहे, पैसा नंतर येतो.

संगणकवाल्यांना हा प्रश्न जुनाच. १९८२ साली लेस्ली लॅम्पोर्ट आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी तो बायझंटाइन सेनापतींची गोष्ट रचून मांडला होता. शहराला वेढा पडलेला, निरोप जासुदांकरवी जातात, आणि सेनापतींतलेच काही फितूर. हल्ला की माघार, एकमताने ठरवायचे कसे?

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव धारण केलेल्या कुणीतरी (तो कोण, हे आजही गूढच आहे) नऊ पानांच्या निबंधात एक तोडगा सुचवला. वहीला नवे पान जोडायचे तर आधी एक आकडेमोड करून दाखवायची. यात डोके लागत नाही. आकडे टाकून पाहत राहायचे, हमाली म्हणा ना! उत्तर सापडायला अतोनात खटपट, पण इतरांना ते क्षणात तपासता येते. ही युक्ती त्याची नव्हे. नकोशा ई-मेलवर उपाय म्हणून १९९२ मध्ये सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर यांनी ती सुचवली होती, आणि १९९७ मध्ये ॲडम बॅकने 'हॅशकॅश' काढले. सातोशीने तिला बक्षिसाची जोड दिली. पान जोडेल त्याला ५० नवी बिटकॉइन, आणि दर २,१०,००० पानांनी बक्षीस निम्मे. दोन वह्या फुटल्याच तर जिच्यात जास्त हमाली, ती खरी. ३ जानेवारी २००९ ला पहिले पान लिहिले गेले.

कागदावर झकास. पण ११-१२ मार्च २०१३ ला काय झाले ते पाहा. प्रणालीची ०.८ ही नवी आवृत्ती नुकतीच आली होती. तिने एक मोठे पान जोडले, ते जुन्या आवृत्तीच्या संगणकांना पचेना, आणि वहीच्या दोन वह्या झाल्या. सुमारे साठ टक्के ताकद नव्या वहीकडे. नियमाने तीच खरी! पण जुने संगणक ती कधीच वाचू शकले नसते, आणि जुनी वही मात्र दोघांनाही वाचता येत होती. तेव्हा जाणत्यांनी गप्पांच्या खोलीत बसून ठरवले की मागे फिरायचे. बीटीसी गिल्ड ह्या मोठ्या गटाने मिळवलेल्या बक्षिसावर पाणी सोडून जुनी आवृत्ती पुन्हा चढवली. सहाएक तासांत जुनी वही पुढे गेली आणि नवीची वीसहून अधिक पाने बाद झाली. त्या गोंधळात एकाने सुमारे दहा हजार डॉलरची रक्कम दोनदा खर्चून दाखवली. यंत्रांचे बहुमत माणसांनी समजुतीने फिरवले, हे बिटकॉइनभक्त फारसे सांगत नाहीत. मला तर ह्या साऱ्या इतिहासात तीच घटना सर्वांत बोलकी वाटते.

आता विजेचे. दर २,०१६ पानांनी कोड्याची कठीणता अशी बदलते की दहा मिनिटांना साधारण एकच पान निघावे. म्हणजे हजार यंत्रे वाढली तरी पाने वाढत नाहीत, फक्त वीज वाढते. प्रथम घरचे संगणक, मग ग्राफिक्स कार्डे, २०१३ पासून ह्याच कामासाठी घडवलेली यंत्रे, आणि मग स्वस्त विजेच्या शोधात भटकणाऱ्या शेडी. चीनमध्ये पावसाळ्यात सिचुआनची जलविद्युत, कोरड्या दिवसांत शिनजियांगचा कोळसा. २०२१ मध्ये चीनने बंदी घातली तेव्हा काही आठवड्यांत जगातली जवळजवळ निम्मी ताकद बंद पडली. जुलैमध्ये कठीणता एका फटक्यात सुमारे २८ टक्क्यांनी उतरली, आणि पाने पुन्हा पूर्वीच्याच गतीने निघू लागली. निम्म्या विजेत तेच काम! मग उरलेली वीज कशासाठी होती? ती हिशेबाची नव्हेच, रखवालदाराचा पगार होता. खोटी वही लिहिणाऱ्याला तेवढीच वीज जाळावी लागावी म्हणून. पण चोर किती मोठा हे कुणालाच ठाऊक नाही, आणि पगार मात्र बिटकॉइनच्या भावाबरोबर वाढतो. केंब्रिजच्या अंदाजानुसार अलीकडच्या वर्षांत हा खप वर्षाला शंभर टेरावॅट-तासांच्या पुढे गेला. आमच्याकडे पहिल्या पावसाला वीज जाते तेव्हा हा आकडा हमखास आठवतो. असो.

बक्षीस एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर आले. एकूण नाणी २.१ कोटींच्या वर जायची नाहीत, तेव्हा पुढे पगार व्यवहारशुल्कातूनच निघायला हवा.

इथेरियमने वेगळी वाट धरली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे हमालीऐवजी अनामत आली. ३२ इथर गहाण ठेवा, पाळीने पान जोडा, लबाडी केलीत तर अनामत कापली जाईल. विजेचा खप ९९ टक्क्यांहून अधिक घटला. ज्याच्याकडे मुबलक त्याचाच शब्द चालणार, ही तक्रार खरीच आहे, पण शेडींच्या मालकांचे तरी काय वेगळे होते? त्यानंतरच्या महिन्यांत मात्र हमाली करून थकलेली ग्राफिक्स कार्डे जुन्या बाजारात ढिगाने विकायला आली.