अडसर

परिस्थिती सजीवाला नवे काही शिकवते, की त्याच्यात आधीच असलेले केवळ मोकळे करते? या जुन्या वादातला एक मार्मिक पुरावा जीवाणूंनी दिला, असे आम्हांला वाटते.

जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये १९४० साली झाक मोनो यांना आढळले, की विशिष्ट दोन शर्करा एकत्र दिल्यास जीवाणू आधी एक संपवतात, थबकतात आणि मगच दुसरीकडे वळतात. दुसरीसाठी लागणारे विकर त्या अवधीत तयार होते. शर्कराच पेशीला ते घडवायला शिकवते, असा तर्क साहजिक होता. त्याला राजकीय छायाही होती : १९४८ मध्ये लायसेन्कोचा परिस्थितिवाद सोव्हिएत संघात अधिकृत ठरला आणि मोनो यांनी त्याच वर्षी त्याला जाहीर विरोध केला.

पार्डी, झाकोब व मोनो यांच्या १९५९ च्या शोधनिबंधाने निराळे उत्तर सुचवले. एक जनुक सतत अडसर निर्माण करते. लॅक्टोज पेशीत आले की तो दूर होतो आणि विकराचे जनुक कामाला लागते. १९६१ साली झाकोब व मोनो यांनी यावरून ‘ओपेरॉन’ची संकल्पना सविस्तर मांडली. गिल्बर्ट व म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये तो अडसर प्रत्यक्ष वेगळा काढला. ते एक प्रथिन होते. विकराची कृती जीवाणूच्या जनुकात पूर्वीपासूनच होती. शर्करेने फक्त वाट मोकळी केली.