मस्टर आणि हजेरीपट

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, मी हजेरी घ्यावयास बसतो, आणि दर वर्षी आठ-दहा नावांना उत्तर मिळत नाही. ही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. आमच्या बीड जिल्ह्याला हे नवे नाही. मुकादमाची उचल घेतलेली असते; ती फिटेपर्यंत कोयता चालला पाहिजे. थोरले पोर फडात वाढे गोळा करते, नाहीतर कोपीपाशी धाकट्याला सांभाळते. त्या रिकाम्या जागांकडे पाहिले की मला १८८१ सालचा कायदा आठवतो.

आपल्याकडचा तो पहिला कारखाना कायदा. सात वर्षांच्या आतील मुलास कामावर घेऊ नये. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, तासभर विसावा द्यावा आणि महिन्यातून चार सुट्या द्याव्यात, असे त्याने ठरविले. वाचकहो, ही त्या काळची दया! दुसरीतल्या पोराला नऊ तास! शिवाय शंभराहून कमी माणसे असलेला कारखाना त्यातून मोकळाच होता.

मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली यांनी अशा कायद्यासाठी खटपट केली होती. पण लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीही त्याचा आग्रह धरला, आणि तो काही पोरांच्या कळवळ्याने नव्हे. मुंबईचा माल महाग पडावा म्हणून. त्यामुळे आपल्यातील पुष्कळ देशाभिमानी मंडळी कायद्याच्या विरोधात उभी राहिली. त्यांचा संशय खोटा नव्हता. मात्र दोन मालकांच्या त्या भांडणात पोराच्या बाजूने कोण होते? नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखे थोडेच. १८९१ साली वयाची अट नवावर आली आणि चौदापर्यंतच्या मुलांचे तास सातावर आले.

तास असे कमी होत गेले. पण गिरणीतून सुटलेल्या पोराने जावे कोठे? नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी तरी किती माफक! सहा ते दहा वर्षांची मुले, आणि तीही स्थानिक संस्थांची तयारी असेल तेथे. १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ सालीच सक्ती आणली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी ती १९१७ साली आणली. संस्थानिकांना जमले ते साम्राज्याला जमले नाही.

पुढचे कायदे भराभर सांगतो. पोराच्या मजुरीवर उचल घेण्याचे करार १९३३ साली रद्दबातल ठरले. १९४८ साली कारखान्यासाठी चौदा वर्षांची अट आली. १९५० च्या राज्यघटनेने तीच कारखाने, खाणी व धोक्याच्या कामांना लावली आणि दहा वर्षांत चौदापर्यंतच्या सर्वांना मोफत, सक्तीच्या शिक्षणाची आशा दाखविली. १९८६ साली बालमजुरीचा स्वतंत्र कायदा झाला. आपण फुलबाज्या उडवतो ना, त्या शिवकाशीच्या मुलांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकाला दर मुलामागे वीस हजार रुपये भरावयास लावले. शिक्षणाच्या हक्काचा कायदा मात्र २००९ साली झाला. गोखल्यांपासून अठ्ठ्याण्णव वर्षे!

२०१६ च्या दुरुस्तीने चौदाच्या आतील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे बंद केले. फक्त शाळा सुटल्यावर वा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत चालते. ऊसतोड हा घरचा धंदा नव्हे. पण मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता लिहिलेला असतो. पोराचे नाव कोठल्याच मस्टरवर नसते, मग तपासायचे कोणी?

हंगामी वसतिगृहे निघाली आहेत. काही मुले तेथे राहतातही. गेल्या चैत्रात पट्टा पडल्यावर एक मुलगी वर्गात परतली. "गुरुजी, कितवा धडा?" तिने विचारले. आम्ही सोळाव्यावर होतो. तिने पुस्तक उघडले ते चौथ्यावर.