फायझरचा शेअर घेताय? आधी आपल्या गावचा इतिहास बघा

हल्ली मला बरेच जण विचारतात, अमेरिकन औषध कंपनीचा शेअर घ्यावा का? फायझरचं नाव हमखास निघतं. म्हणून हे लिहितोय.

चेन्नईच्या ऑर्किड कंपनीचा औरंगाबादचा कारखाना अँटिबायोटिकचा कच्चा माल बनवायचा. २०१४ मध्ये तो अमेरिकेच्या हॉस्पिराने घेतला. २०१५ मध्ये फायझरने अख्खी हॉस्पिराच सुमारे १७ अब्ज डॉलरला घेतली, त्यात आपला कारखानाही गेला. जानेवारी २०१९ मध्ये फायझरने जाहीर केलं: मागणी घटली, हा आणि तामिळनाडूतला इरुंगट्टुकोट्टईचा कारखाना बंद करणार. दोन्हीकडचे मिळून सुमारे १,७०० कर्मचारी. न्यूयॉर्कच्या हिशेबात हा आकडा किरकोळ. इथे मात्र तेवढी घरं.

आता शेअरचं. मुंबई बाजारातली फायझर लिमिटेड वेगळी, न्यूयॉर्कची फायझर वेगळी. हा कारखाना मुंबईवालीचा नव्हताच. न्यूयॉर्कवालीची विक्री कोविडमुळे २०२२ मध्ये १०० अब्ज डॉलरवर गेली, २०२३ मध्ये ५८ अब्जांच्या आसपास आली.

तेव्हा नावाला भुलू नका. कमाई कोणत्या औषधावर आहे, त्याचं पेटंट कधी संपतंय, हे वार्षिक अहवालात वाचा. मगच पैसे घाला.