जुन्या मोटारीला इंजेक्शनचे इंजिन : इंधनटाकीत करावे लागणारे बदल

जुन्या मोटारीत नवे इंजिन बसविण्याचा विचार करणाऱ्याचे लक्ष प्रथम इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांच्या माउंटिंगकडे जाते. इंधनटाकीचा विचार बहुधा शेवटी होतो आणि जुनीच टाकी नव्या इंजिनाला जोडून दिली जाते. कार्बोरेटरचे इंजिन काढून इंजेक्शनचे बसविताना ही घाई महागात पडते. इंजिन मध्येच बंद पडणे, पंप जळणे आणि प्रसंगी गाडीला आग लागणे, या तिन्ही गोष्टींचे मूळ टाकीत असू शकते.

आपल्याकडे या प्रयोगासाठी निवडली जाणारी एक गाडी म्हणजे अँबॅसॅडर. १९५८ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाडा येथे तयार झालेल्या या गाडीच्या पेट्रोल आवृत्तीत दीर्घकाळ १४८९ सीसीचे, कार्बोरेटरवर चालणारे इंजिन होते. पुढे तिला १.८ लिटरचे इसुझू इंजिन मिळाले व त्याची इंजेक्शन आवृत्तीही आली. जुन्या गाडीत असे इंजिन बसविताना टाकीबाबत पडणारे प्रश्न फियाट किंवा इतर समकालीन गाड्यांनाही तसेच लागू होतात.

फरक नेमका कुठे?

कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनावर बसविलेला पंप, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास एसी पंप म्हणतात, टाकीतून पेट्रोल ओढतो. त्याचा दाब साधारण ०.२ ते ०.३ बार असतो. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडे पेट्रोल नेहमी साठलेले असते. वळणावर टाकीतील पेट्रोल एका बाजूला सरकून नळीत हवा शिरली, तरी इंजिन त्या साठ्यावर काही क्षण चालते. चालकाला काही जाणवतही नाही.

इंजेक्शनमध्ये असा मधला साठा नसतो. इंजेक्टरना सुमारे ३ बार, म्हणजे जवळजवळ दहापट दाब अखंड लागतो. पंपाने क्षणभर हवा ओढली तर दाब कोसळतो व इंजिन अडखळते. शिवाय हा विद्युत पंप पेट्रोलनेच थंड राहतो आणि पेट्रोलच त्याचे वंगण असते. वारंवार कोरडा चालल्यास तो लवकर निकामी होतो.

दुसरा फरक परतीच्या पेट्रोलचा. सुमारे ७५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालताना तासाला अंदाजे २३ लिटर पेट्रोल घेते. उभ्या गाडीत नुसते चालू असताना ते एखाद्या लिटरवर भागवते. पंप मात्र तासाला शंभर लिटर किंवा त्याहून अधिक पुरवितो. उरलेले पेट्रोल प्रेशर रेग्युलेटरमधून टाकीत परत येते व येताना इंजिनाची उष्णताही आणते. जुन्या टाकीला ही परतीची नळी बहुधा नसते.

तीन पर्याय

पहिला पर्याय टाकीच्या आत पंप बसविण्याचा. टाकीच्या वरच्या पत्र्याला गोल भोक पाडून तेथे जाड कडे जोडतात आणि आधुनिक गाडीतील पंपाचे संपूर्ण मॉड्यूल आत उतरवितात. मॉड्यूलच्या तळाशी छोटे भांडे असते. वळणावरही त्यात पेट्रोल साठून राहते. काही मॉड्यूलमध्ये रेग्युलेटरही आतच असतो. तसे असल्यास इंजिनापासून परतीची नळी आणावी लागत नाही. पंपाचा आवाज कमी होतो आणि तो थंड राहतो. अट एकच : मॉड्यूलची उंची टाकीच्या खोलीशी जुळली पाहिजे. त्याचा तळ टाकीच्या तळाला टेकला नाही तर कित्येक लिटर पेट्रोल असूनही गाडी बंद पडते.

दुसरा पर्याय सर्ज टँकचा. जुनी टाकी तशीच ठेवून कमी दाबाचा पंप एक-दोन लिटरचे उभे भांडे सतत भरलेले ठेवतो. त्याच्या तळातून उच्च दाबाचा पंप इंजिनाला पेट्रोल देतो. इंजिनाकडून येणारे पेट्रोल या भांड्यात येते व जादा पेट्रोल वरच्या नळीने मुख्य टाकीत जाते. टाकी फारशी कापावी लागत नाही, हा लाभ. दोन पंप आणि अनेक जोड, ही अडचण. जोड जितके अधिक तितकी गळतीची ठिकाणे अधिक. हे भांडे बंदिस्त डिकीत उघडे बसविणे धोक्याचे आहे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते.

तिसरा पर्याय नवी टाकी घडवून घेण्याचा. यात आडवे पडदे, पंपाची जागा आणि परतीची नळी यांची आधीपासून सोय करता येते. खर्च अधिक, पण मूळ टाकी गंजाने चाळण झाली असेल तर हाच मार्ग शहाणपणाचा.

टाकीबाहेर पंप लावायचा झाल्यास तो टाकीच्या जवळ आणि तिच्या तळाच्या पातळीखाली असावा. हे पंप ढकलण्यात बलवान, पण ओढण्यात दुबळे असतात. परतीच्या नळीचे तोंड पेट्रोलमध्ये बुडलेले व ओढणाऱ्या नळीपासून दूर असावे, अन्यथा फेस पंपात जातो. परतीची नळी अरुंद असल्यास दाब वाढतो आणि इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागते.

रिकामी टाकी अधिक घातक

पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के प्रमाणात असली की ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी असते. रिकाम्या टाकीत ती पुरेपूर असते. महिनाभर उघडी ठेवलेली टाकीही सुरक्षित मानता येत नाही, कारण सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले पेट्रोल उष्णता लागताच पुन्हा वाफ होते. टाकी वाफेने किंवा गरम पाणी व साबणाने अनेकदा धुणे आणि वेल्डिंगच्या वेळी ती पाण्याने किंवा निष्क्रिय वायूने भरलेली ठेवणे आवश्यक असते. टाक्यांचेच काम करणाऱ्या कारागिराकडे ते सोपवावे. घरच्या अंगणात करू नये. काम झाल्यावर अत्यल्प हवेच्या दाबाखाली साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा तपासावा.

गंज, इथेनॉल आणि नळ्या

किनारपट्टीवरील दमट हवेत अर्धवट भरलेली, उभी राहणारी टाकी आतून गंजते. कार्बोरेटर जो गाळ खपवून घेई, तो इंजेक्टरची सूक्ष्म छिद्रे बुजवितो. पंपाच्या आधी जाळीचा आणि नंतर बारीक फिल्टर अनिवार्य आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात ई२० पेट्रोलची विक्री सुरू झाली. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराला व काही अस्तरांना सोलवटते.

नळ्यांची निवडही महत्त्वाची. इंजेक्शनसाठीच्या रबरी नळीवर एसएई जे३० आर९ अशी खूण असते. टाकीत बुडून राहणाऱ्या नळीसाठी आर१० दर्जा लागतो. बाहेरची साधी नळी आत वापरल्यास ती बाहेरून फुगून फाटते. पंपाला स्वतंत्र रिले आणि फ्यूज हवा. इंजिन फिरत नसेल तर काही सेकंदांत पंप बंद व्हावा, तसेच धडक बसताच पुरवठा तोडणारा स्विच असावा. टाकीच्या वाफेची नळी डिकीत न सोडता बाहेर न्यावी. गाडी उलटल्यास बंद होणारी झडप तिच्यावर बसवावी.

चाचणी घेताना टाकी पाव भरलेली ठेवावी आणि दाबमापक लावून गाडी वळणांच्या चढावर न्यावी. चोर्ला घाटातील वळणांवर काटा स्थिर राहिला, तर काम ठीक झाले असे समजावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. म्हणून इंजिन खरेदी करण्यापूर्वीच वाहतूक खात्याकडे लेखी विचारणा करावी. नोंदीविना बदललेल्या गाडीला अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीच्या मालकाने आणखी एक विचार करावा. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते ती मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीलाच. इंजिन बदलले की तो मार्ग बंद होतो. प्रयोग करायचाच असेल तर मूळ टाकीला हात न लावता भंगारातून मिळणारी दुसरी टाकी कापावी. मूळ टाकी आतून तेल लावून, तोंडे बंद करून, जुन्या इंजिनाशेजारी कोरड्या जागी ठेवावी. पुढे कधी गाडी पूर्ववत करण्याची इच्छा झाली, तर इंजिन एक वेळ मिळेल. मूळ घडणीची न कापलेली टाकी मिळणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे.