वजन घटविणारी शस्त्रक्रिया आणि चयापचयाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा (१९४४ ते २०२२)

प्रस्तावना

अतिलठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रुग्णाचा आहार सामान्यतः दिवसाला एक हजार उष्मांकांच्याही खाली असतो. प्रारंभी वजन झपाट्याने उतरते. पुढे आहार अल्पच असताना ही घट मंदावते, थांबते आणि काही रुग्णांचे वजन कालांतराने पुन्हा वाढू लागते. या अनुभवाचे दोन अर्थ लावले गेले. रुग्णाने पथ्य सोडले, हा पहिला. शरीराने आपला ऊर्जाव्यय कमी केला, हा दुसरा. पहिला अर्थ रुग्णाच्या चारित्र्याविषयी बोलतो, दुसरा त्याच्या देहाविषयी. दीर्घकाळ पहिल्याच अर्थाचा प्रभाव राहिला. दुसऱ्या अर्थाचा पुरावा मात्र पहिल्या शस्त्रक्रियेच्याही आधी उपलब्ध होता. हा पुरावा व ही शस्त्रक्रिया यांची गाठ पडण्यास इतका विलंब का लागला, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

मिनेसोटा येथील उपासमारीचा प्रयोग

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपासमारग्रस्तांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हा प्रश्न दोस्त राष्ट्रांपुढे होता. त्याच्या उत्तरासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. सदसद्विवेकबुद्धीने शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. २४ आठवडे त्यांना पूर्वीच्या सुमारे निम्म्या उष्मांकांचा आहार देण्यात आला व त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांतील दोन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्यय सुमारे ४० टक्क्यांनी घटला. देह लहान झाल्याने काही घट अपेक्षितच होती. परंतु उरलेल्या पेशीही पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा वापरू लागल्या होत्या. दुसरी, हे तरुण अन्नाच्या विचाराने व्यापून गेले होते. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. निग्रही म्हणूनच निवडलेल्या या सुदृढ तरुणांची ही अवस्था झाली. अल्पाहाराला शरीर खर्च आवरून आणि भूक वाढवून उत्तर देते, हे यावरून स्पष्ट झाले होते.

शस्त्रक्रियेचा उदय : यांत्रिक दृष्टी

योगायोग असा की, लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा आरंभही याच विद्यापीठातून झाला. आर्नल्ड क्रेमेन, जॉन लिनर व चार्ल्स नेल्सन यांनी लहान आतड्याच्या निरनिराळ्या भागांच्या पोषणविषयक कार्याचा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. लहान आतड्याचा बराचसा भाग वगळला तर अन्नाचे शोषण कमी होईल, या तत्त्वावरील शस्त्रक्रिया पुढील दोन दशकांत रूढ झाल्या. वजन घटले, पण अतिसार, क्षारांचे असंतुलन, मूत्रखडे आणि यकृताची हानी हे दुष्परिणाम इतके गंभीर ठरले की ही पद्धत अखेर सोडून द्यावी लागली.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी वेगळा मार्ग काढला. जठरव्रणासाठी जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा सहजी वाढत नाही, हे निरीक्षण त्यामागे होते. चिकाशी इटो यांच्यासह त्यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपासची पहिली शस्त्रक्रिया केली. जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची ही पद्धत पुढे अनेक सुधारणांसह स्थिरावली.

या दोन्ही प्रवाहांमागील दृष्टी यांत्रिक होती. कमी शिरेल, कमी शोषले जाईल, म्हणून वजन घटेल, असे हे साधे गणित होते. जमा-खर्चातील खर्चाची बाजू स्थिर असते, हे त्यात गृहीत धरले होते. आणि तेच गृहीतक १९४५ मध्ये खोटे ठरलेले होते. या गणितात वजन घटणे थांबले तर उत्तर एकच उरे : रुग्ण सांगतो त्यापेक्षा अधिक खात असला पाहिजे. उपासमारीचे संशोधन दुष्काळ व युद्ध यांच्या संदर्भात वाचले गेले, तर लठ्ठपणा हा अतिरेकाचा प्रश्न मानला गेला. एकच शरीर दोन्ही ठिकाणी एकाच नियमाने वागत असेल, ही शक्यता या विभागणीत झाकली गेली.

दृष्टिकोनातील परिवर्तन

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये देहभारांक ४० असलेल्या, किंवा ३५ व सोबत गंभीर विकार असलेल्या व्यक्तींसाठी शस्त्रक्रियेला मान्यता देणारे निकष जाहीर केले. त्यानंतरच्या दशकात या क्षेत्राची परिभाषाच बदलली. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध प्रसिद्ध केला. शरीरातील मेदसाठ्याची वार्ता मेंदूला मिळत असते, हे त्यामुळे सिद्ध झाले. १९९५ मध्ये रूडॉल्फ लीबल, मायकेल रोझेनबॉम व ज्यूल्स हर्श यांनी दाखविले की, वजन दहा टक्क्यांनी घटल्यावर ऊर्जाव्यय देहाच्या नव्या आकारमानावरून अपेक्षित धरावा त्यापेक्षाही खाली जातो. लठ्ठ व सडपातळ अशा दोन्ही व्यक्तींत हे आढळले. मिनेसोटाचा निष्कर्ष अशा रीतीने अर्धशतकानंतर लठ्ठपणाच्या चर्चेत दाखल झाला.

त्याच वर्षी वॉल्टर पोरिस यांनी गॅस्ट्रिक बायपासच्या ६०८ रुग्णांचा १४ वर्षांचा आढावा मांडला. मधुमेही रुग्णांपैकी बहुसंख्यांची रक्तशर्करा पूर्ववत झाली होती. केवळ लहान पिशवीने याचे पुरते स्पष्टीकरण होत नव्हते. १९९९ मध्ये मासायासु कोजिमा व केंजी कांगावा यांच्या गटाने जठरातून स्रवणाऱ्या घ्रेलिन या भूकवर्धक संप्रेरकाचा शोध जाहीर केला. डेव्हिड कमिंग्ज व सहकाऱ्यांना २००२ मध्ये आहारनियमनाने वजन घटविलेल्यांत घ्रेलिन वाढलेले, तर गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांत ते अत्यल्प आढळले. घ्रेलिनविषयी पुढील अभ्यासांत एकवाक्यता राहिली नाही. मात्र जेवणानंतर तृप्तीची जाणीव देणारी आतड्यांतील संप्रेरके शस्त्रक्रियेनंतर वाढतात, हे वारंवार दिसून आले. मिनेसोटातील तरुण भुकेने व्याकूळ झाले. तितकाच किंवा त्याहून कमी आहार घेणारा शस्त्रक्रियेचा रुग्ण पहिल्या महिन्यांत तसा का होत नाही, याचे उत्तर येथे मिळू लागले.

तुलना आणि मर्यादा

ऊर्जाव्ययाच्या दृष्टीने २०१४ मधील एक तुलना उद्बोधक आहे. वजन घटविण्याच्या अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतील १३ स्पर्धक आणि गॅस्ट्रिक बायपास झालेले १३ रुग्ण यांच्या जोड्या लावून हा अभ्यास झाला. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटातही अपेक्षेपेक्षा अधिक चयापचय-घट होती. एका वर्षानंतर मात्र ती आढळली नाही. उलट, केविन हॉल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी केली, तेव्हा त्यांचा विश्रांतीकालीन ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमी होता. घटविलेल्या सरासरी ५८ किलोपैकी ४१ किलो वजन परत आले होते. तीव्र व्यायामाचाही या घटीत वाटा असावा, अशी पुनर्मांडणी हॉल यांनीच पुढे केली.

शस्त्रक्रिया हा चमत्कार नव्हे, याचीही नोंद आवश्यक आहे. स्वीडनमधील १९८७ पासूनच्या दीर्घ अभ्यासात गॅस्ट्रिक बायपासनंतरची घट पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे ३२ टक्के होती, ती दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर स्थिरावली. अल्पाहारात स्नायूंचे वस्तुमानही घटते. म्हणून पुरेशी प्रथिने आणि ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची आयुष्यभर काळजी घ्यावी लागते. सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाला २०२० मध्ये मधुमेही रुग्णांत असे आढळले की, सारखेच वजन घटल्यास आहार व शस्त्रक्रिया यांचे चयापचयावरील लाभ सारखेच असतात. वजनाच्या घटीपलीकडे शस्त्रक्रियेचा स्वतंत्र प्रभाव किती, हा वाद त्यामुळे मिटलेला नाही. आशियाई लोकांत कमी देहभारांकावरही विकार उद्भवतात, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांच्यासाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करण्याची शिफारस केली. त्यामुळे हा प्रश्न भारतीय रुग्णांच्याही अधिक निकट आला आहे.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. अल्पाहारानंतर चयापचय मंदावणे ही शरीराची आत्मरक्षणाची प्रतिक्रिया असून तिचे ज्ञान १९५० पासून उपलब्ध होते. शस्त्रक्रियेचे यश केवळ जठराच्या आकारात नसून भूक व तृप्ती यांच्या नियंत्रणातील बदलातही आहे. आणि ज्ञान उपलब्ध असूनही ते रुग्णापर्यंत पोहोचले नाही, कारण उपासमार ही करुणेचा व लठ्ठपणा ही दोषारोपाचा विषय मानली गेली. या विलंबाची किंमत, खरे सांगूनही खोटे ठरलेल्या रुग्णांनी मोजली. वजन थांबलेल्या रुग्णाला ‘काय खाल्ले?’ असे विचारण्यापूर्वी त्याच्या शरीराने खर्च किती आवरला आहे हे पाहणे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक बोध होय.